राउटरमधली केराची टोपली

अवधपुरीत सकाळी कुणी 'नल आ गए' म्हणालं की बादल्या भरायची घाई सुरू होते. वाङ्मय मंडळात 'नल' म्हटलं की दमयंती आठवते. या लेखातला नल मात्र यांपैकी कुठलाच नाही. इंग्रजीत 'नल' म्हणजे काहीच नाही, शून्य. आणि 'नल इंटरफेस' म्हणजे राउटरचं असं एक दार, ज्यातून गेलेली कोणतीही गोष्ट पुढे कुठेच पोहोचत नाही.

ऐकायला विचित्र वाटतं ना? राउटरचं काम काय, तर आलेला डेटा योग्य ठिकाणी पोहोचवणं. मग पोहोचवण्यासाठी बनवलेल्या यंत्रात मुद्दाम केराची टोपली कशाला ठेवली? मंडळात संगणकाचे विद्यार्थी आहेत, तसे मराठी, इतिहास आणि वाणिज्याचेही आहेत. म्हणून हा प्रश्न सगळ्यांना कळेल अशा रीतीनं सोडवून बघू या. सुरुवात करू पोस्टापासून.

आधी पोस्टाचं गणित

भारतात पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले हे अधिकारी संस्कृतचे नामवंत कवी होते. म्हणजे पत्त्यांचं गणित मांडायला एक साहित्यिकच पुढे आला, ही आपल्या मंडळाला अभिमान वाटावा अशी गोष्ट!

पिन कोडमध्ये सहा अंक असतात. पहिला अंक ४ असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे निघालं आहे. पहिले दोन अंक ४६ असतील तर ते मध्य प्रदेशातलं. पहिले तीन ४६२ असतील तर भोपाळचं. पुण्यासाठी हेच तीन अंक ४११ आणि मुंबईसाठी ४००. शेवटचे तीन अंक नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. आता चेन्नईत पत्रं वेगळी करणाऱ्या माणसाला अवधपुरी कुठे आहे हे माहीत असायची गरज आहे का? मुळीच नाही. त्याला सुरुवातीचे अंक बघून थैली योग्य गाडीत टाकली की झालं. भोपाळला पत्र पोहोचलं की तिथला माणूस पुढचे अंक बघेल. ठिकाण जितकं जवळ येतं, तितके जास्त अंक बघायचे.

इंटरनेटचं काम अगदी असंच चालतं. आपण पाठवलेला फोटो, मेल, व्हिडिओ, सगळ्याचे छोटे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर जिथं जायचं तिथला आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ २०३.०.११३.२००. वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे एक तक्ता असतो, त्याला राउटिंग टेबल म्हणतात. 'अमुक आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अमुक दारातून पाठव' असे नियम त्यात लिहिलेले असतात. एका पत्त्याला दोन-तीन नियम लागू पडत असतील तर ज्या नियमात सुरुवातीचा सर्वांत जास्त भाग जुळतो तो नियम जिंकतो. हा एक नियम नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

शिवाय तक्त्यात बहुतेक वेळा शेवटी एक ओळ असते: 'वरचं काहीच जुळलं नाही, तर वरिष्ठाकडे पाठव.' याला डिफॉल्ट रूट म्हणतात. आपल्या घरातल्या वायफायच्या डब्यातही ही ओळ असते. त्याला जगाची काहीच माहिती नसते, तरी त्याचं काम अडत नाही, ते याच ओळीमुळे.

टोलवाटोलवी

आता गोम कुठे आहे ते बघा. समजा, एका कॉलेजला इंटरनेट कंपनीनं २०३.०.११३.० पासून २०३.०.११३.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते दिले. (ही मालिका पुस्तकातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे, त्यामुळे कुणाचं खरं नेटवर्क आपण वापरत नाही.) कॉलेजनं पहिले ६४ पत्ते कॉम्प्युटर लॅबला दिले, पुढचे ६४ ग्रंथालयाला. उरलेले १२८ पत्ते कुणालाच दिलेले नाहीत, पुढे लागतील म्हणून राखून ठेवलेत.

कॉलेजच्या राउटरमध्ये तीन ओळी आहेत: लॅबचे पत्ते लॅबकडे, ग्रंथालयाचे ग्रंथालयाकडे, बाकी सगळं कंपनीकडे. कंपनीच्या राउटरमध्ये एक ओळ आहे: २०३.०.११३ ने सुरू होणारं सगळं या कॉलेजकडे. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. कुणाचीही चूक नाही.

आणि बाहेरून एक पॅकेट येतं २०३.०.११३.२०० या पत्त्यासाठी. हा पत्ता कुणाचाच नाही. कंपनीचा राउटर म्हणतो, 'हा कॉलेजचा', आणि पॅकेट कॉलेजकडे पाठवतो. कॉलेजचा राउटर बघतो. लॅब? नाही. ग्रंथालय? नाही. मग 'बाकी सगळं कंपनीकडे'. पॅकेट परत वर जातं. कंपनी म्हणते, 'अहो, हा तुमचाच!' पुन्हा खाली. पुन्हा वर. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारी फाइल ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

हे अनंत काळ चालत नाही, कारण प्रत्येक पॅकेटवर त्याचं आयुष्य लिहिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो आणि प्रत्येक राउटर तो एकनं कमी करतो. शून्य झाला की पॅकेट मरतं. पण मरेपर्यंत ते त्याच एका तारेवरून कित्येक डझन वेळा ये-जा करतं. समजा, कॉलेजपाशी पोहोचताना आकडा ५० उरला होता. म्हणजे एका पॅकेटचा भार जवळजवळ पन्नास पॅकेटांइतका पडला. कुणी खोडसाळपणे त्या १२८ रिकाम्या पत्त्यांवर भराभर पॅकेटं पाठवायला लागलं, तर त्याच्या थोड्या मेहनतीत कॉलेजचं इंटरनेट गुदमरू शकतं. परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी असं झालं तर काय होईल, याची कल्पना करा.

एका ओळीचा उपाय

उपाय एका ओळीचा आहे. कॉलेजच्या राउटरमध्ये चौथा नियम लिहायचा: '२०३.०.११३ ने सुरू होणारं सगळं नल इंटरफेसकडे.' सिस्कोच्या राउटरवर या दाराचं नाव 'नल झीरो' आहे. ज्युनिपरच्या राउटरवर हेच काम 'डिस्कार्ड' शब्दानं होतं आणि लिनक्समध्ये 'ब्लॅकहोल' शब्दानं. नावं वेगळी, टोपली एकच.

इथे कुणीतरी विचारेल, 'अरे, पण मग लॅब आणि ग्रंथालयाची पॅकेटंसुद्धा टोपलीत जातील की!' नाही जाणार. आपला नियम आठवा: जास्त भाग जुळेल तो जिंकतो. लॅबच्या ६४ पत्त्यांचा नियम २५६ पत्त्यांच्या नियमापेक्षा नेमका आहे, म्हणून लॅबचं पॅकेट लॅबलाच मिळतं. ग्रंथालयाचं ग्रंथालयाला. ज्या पत्त्यांना नेमका नियम नाही, फक्त तेच टोपलीत पडतात. आणि टोपलीचा नियम 'बाकी सगळं कंपनीकडे' या ओळीपेक्षा नेमका आहे, त्यामुळे पॅकेट परत वर जात नाही. टोलवाटोलवी संपली.

समजा, ग्रंथालयाची तार तुटली. मग राउटरच्या तक्त्यातून ग्रंथालयाची ओळ आपोआप नाहीशी होते. टोपली नसती, तर ग्रंथालयाची सगळी पॅकेटं तार जोडेपर्यंत वर-खाली फिरत बसली असती. टोपली आहे म्हणून ती शांतपणे संपतात. तार जोडली की ओळ परत येते आणि गाडी रुळावर.

हे दार खरं नाही. राउटरच्या पाठीमागे बघितलंत तर तिथे असं कोणतंही भोक दिसणार नाही, ते फक्त सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्याला पत्ता देता येत नाही. त्यातून काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही. आणि गंमत म्हणजे ते कधीच बंद पडत नाही. तार तुटेल, वीज जाईल, समोरचा राउटर बिघडेल, पण जिथे काहीच नाही तिथे बिघडणार काय?

या कायम चालू असण्याचाही एक उपयोग आहे. मोठी नेटवर्कं एकमेकांना बीजीपी नावाच्या पद्धतीनं सांगत असतात की 'हे पत्ते माझ्याकडे आहेत'. असं जाहीर करताना राउटर आधी आपल्या तक्त्यात तेवढीच मालिका आहे का ते तपासतो. आतल्या तारा सारख्या तुटत-जुळत असतील तर जगाला 'आहेत, नाहीत, आहेत, नाहीत' असं ऐकू जातं आणि दूरदूरच्या राउटरांना उगाच काम लागतं. नलकडे जाणारी ओळ एकदा लिहून ठेवली की ती हलत नाही आणि जगाला एकच स्थिर उत्तर मिळतं.

टोपलीत पडलेल्या पॅकेटचं पुढे काय होतं? पोस्टात पत्ता न सापडलेलं पत्र निदान उघडून बघतात, पाठवणाऱ्याला परत द्यायचा प्रयत्न करतात. इथे तसं काही नाही. फार तर राउटर पाठवणाऱ्याला 'इथे पोहोचवता येत नाही' असा एक छोटा निरोप धाडतो. तोही बंद ठेवता येतो, आणि वर्दळीच्या राउटरवर बहुतेक जण तो बंदच ठेवतात. नाहीतर हजारो चुकीच्या पॅकेटांना हजारो उत्तरं लिहिण्यातच राउटर दमून जाईल.

मुंबई, जुलै २०१६

इथपर्यंत टोपलीत पडत होतं ते बेवारस पॅकेट. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आता जरा अवघड भाग.

जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या काही इंटरनेट कंपन्यांवर मोठा हल्ला झाला. यात कुणी आत शिरून काही चोरत नाही. जगभरच्या ताब्यात घेतलेल्या यंत्रांकडून एकाच वेळी इतकी पॅकेटं पाठवली जातात की समोरच्याची तार भरून वाहते. अरुंद गल्लीत शंभर वराती एकदम शिरल्यावर जे होतं ते. त्या वेळच्या बातम्यांमध्ये सेकंदाला सुमारे २०० गिगाबिट असा आकडा आला होता. प्रकरण पोलिसांत गेलं, गुन्हा दाखल झाला. त्या दिवसांत कित्येक घरांत आणि ऑफिसांत इंटरनेट रखडत होतं.

अशा वेळी कंपनीपुढे फार पर्याय नसतात. हल्ल्याचा रोख बऱ्याचदा एकाच पत्त्यावर असतो. पण तार सगळ्यांची एकच, त्यामुळे एकासाठी आलेल्या लोंढ्यात हजार शेजारी बुडतात. मग कंपनी आपल्या सीमेवरच्या प्रत्येक राउटरला कळवते, 'हा एक पत्ता नलकडे.' लोंढा वेशीवरच टोपलीत जातो. आतली तार मोकळी होते. हजार जण वाचतात.

आणि तो एक? त्याचं दुकान बंद. हल्लेखोराची पॅकेटं आणि खऱ्या गिऱ्हाइकाची पॅकेटं यांत टोपली फरक करत नाही. हल्लेखोराला तो पत्ता बंद पाडायचा होता, तो बंद पडला. फरक एवढाच की बंद करणारा हात कंपनीचा होता.

ही पद्धत इतकी रूढ झाली की ऑक्टोबर २०१६ मध्ये तिच्यासाठी एक सर्वमान्य खूण ठरली: ६५५३५:६६६. एखाद्या पत्त्याला ही खूण लावून शेजारच्या नेटवर्कला कळवलं की त्यानं काय समजायचं ते ठरलेलं आहे: 'हे टोपलीत टाक.' यातला ६६६ हा आकडा नेटवर्कवाले आधीपासूनच या कामासाठी वापरत होते. प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय वाचलेल्यांना तो कुठला, हे वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न पडतो, एकाला बुडवून हजार वाचवणं बरोबर का? तंत्रज्ञानाकडे याचं उत्तर नाही. चांगल्या कंपन्या निदान एवढं करतात: ग्राहकाला कळवतात, बंदी जितकी छोटी ठेवता येईल तितकी छोटी ठेवतात, हल्ला ओसरला की ओळ काढून टाकतात. आणि जमेल तिथे टोपलीऐवजी चाळणी वापरतात, म्हणजे वाईट पॅकेटं गाळून चांगली पुढे सोडणारी यंत्रणा. पण चाळणी महाग असते. टोपली फुकट असते. म्हणूनच मोह होतो.

टोपलीचा नियम घराबाहेर गेला तर

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारनं यूट्यूब बंद करण्याचा आदेश काढला होता. पाकिस्तान टेलिकॉमनं आपल्या देशातली यूट्यूबची वाहतूक अडवण्यासाठी एक मार्ग तयार केला. तो देशाच्या आतच राहायला हवा होता. पण तो बीजीपीवरून बाहेर पडला आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीनं तो न तपासता जगाला सांगून टाकला.

यूट्यूबनं जाहीर केलेली मालिका १०२४ पत्त्यांची होती. पाकिस्तानातून बाहेर पडलेली त्यातल्याच २५६ पत्त्यांची. नेमका नियम जिंकतो! जगभरच्या राउटरांनी प्रामाणिकपणे नेमका मार्ग निवडला आणि यूट्यूबकडे निघालेली पॅकेटं पाकिस्तानच्या वाटेला लागून वाया जाऊ लागली. आपल्या घड्याळात तेव्हा मध्यरात्रीनंतरचे १२ वाजून १७ मिनिटं झाली होती. यूट्यूबनं १ वाजून ३७ मिनिटांनी तीच २५६ पत्त्यांची मालिका स्वतः जाहीर केली, मग अकरा मिनिटांनी तिचे १२८-१२८ चे दोन तुकडे करून जाहीर केले, म्हणजे आता यूट्यूबच जास्त नेमकं. अडीचच्या सुमारास पीसीसीडब्ल्यूनं चुकीचा मार्ग मागे घेतला आणि प्रकरण मिटलं.

ज्या नियमामुळे कॉलेजचं ग्रंथालय टोपलीपासून वाचतं, त्याच नियमामुळे एका देशाची बंदी दोन तास जगाची बंदी झाली. साधन तेच. फरक आहे तो हद्दीचा.

आणि हद्द फक्त देशाची नसते. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांमधल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारनं इंटरनेट कंपन्यांना मोजक्या पानांची यादी देऊन ती बंद करायला सांगितली. कित्येक कंपन्यांनी ती पानं सोडून पूर्ण ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं. मराठीत ब्लॉग लिहिण्याची तेव्हा कुठे सुरुवात होत होती. कविता, प्रवासवर्णनं, पाककृती लिहिणाऱ्यांचा त्या यादीशी काडीचाही संबंध नव्हता, पण त्यांचीही घरं त्याच वाड्यात होती. आयपी पत्ता म्हणजे वाड्याचं मोठं दार. एका खोलीसाठी ते दार बंद केलं की सगळे भाडेकरू आत अडकतात. पत्त्याच्या पातळीवर काम करणाऱ्या कोणत्याही बंदीचा हा जन्मजात दोष आहे, आणि नल इंटरफेस पत्त्यापलीकडचं काहीच बघत नाही.

मग ही टोपली हवी की नको?

हवीच. जो माणूस 'हे २५६ पत्ते माझे' असं म्हणतो, त्यानं वापरात नसलेल्या पत्त्यांचीही जबाबदारी घ्यायला हवी. 'मला माहीत नाही, वर विचारा' असं उत्तर सोपं असतं, पण त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. नल इंटरफेस म्हणजे 'हा पत्ता माझ्याच हद्दीतला आहे आणि तिथे कुणी नाही' असं स्वच्छपणे सांगणं. हे 'नाही' प्रामाणिक आहे. पण तीच ओळ एखाद्या राहत्या घराच्या पत्त्यावर लिहिली की तो निर्णय होतो. मग कुणासाठी, किती वेळ, कुणाला सांगून, हे विचारावंच लागतं. राउटर हे प्रश्न विचारत नाही. ओळ लिहिणाऱ्यालाच ते स्वतःला विचारावे लागतात.

ज्यांना हात चालवून बघायचा आहे त्यांच्यासाठी: लॅबमधल्या पॅकेट ट्रेसरवर दोन राउटर जोडा. वर सांगितल्याप्रमाणे एकाला कॉलेज करा, दुसऱ्याला कंपनी. कंपनीकडच्या संगणकावरून न दिलेल्या पत्त्यावर ट्रेसरूट चालवा. तेच दोन राउटर आळीपाळीनं खाली खाली उमटत जातील, पडदा भरेपर्यंत. मग कॉलेजच्या राउटरमध्ये नलची ती एक ओळ लिहा आणि परत चालवा. पॅकेट कॉलेजच्या राउटरपाशीच संपेल आणि वर-खाली फिरणाऱ्या ओळी पुन्हा दिसणार नाहीत.